मारबतीची सुट्टी

आमचे पुण्याचे व्याही मोठे शिस्तीचे गृहस्थ. फोन करायचा तो कामापुरता, आणि तोही कचेरीच्या वेळात, असा त्यांचा नेम. मुलाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी नागपूरच्या एका कचेरीत तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तो कुणी उचलला नाही. चौथा फोन त्यांनी मला केला.

"काय हो, आज नागपूर बंद आहे का?"

"बंद नाही. सुट्टी आहे."

"कसली?"

"मारबतीची."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज एकदम खाली आला. "अरेरे! केव्हा गेल्या?"

मारबतबाई म्हणजे विदर्भातल्या कुणी वयोवृद्ध पुढारी असाव्यात आणि त्यांच्या निधनामुळे सरकारी कचेऱ्या बंद ठेवल्या असाव्यात, अशी त्यांची समजूत झाली होती. मी खुलासा केला, "अजून गेल्या नाहीत. मिरवणूक निघायची आहे. मग जाळतील."

हा खुलासा करायला नको होता, हे मला नंतर कळलं.

वर्धा नदीच्या पलीकडल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. दुसरा दिवस पाडव्याचा. त्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा आणि त्याच दिवशी नागपुरात मारबत. कलेक्टरसाहेब दरवर्षी या दिवसाची स्थानिक सुट्टी देतात. मारबत म्हणजे बांबू-कागदाची अगडबंब बाई. एक काळी, एक पिवळी. काळी इतवारीतली, पिवळी जागनाथ बुधवारीतली. दोघी वाजतगाजत निघतात, इतवारीत समोरासमोर येतात, आणि लाखाची गर्दी "घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडते. काय घेऊन जायचं त्याची यादी ज्याने त्याने आपापली करावी. रोगराई, खोकला, महागाई, शेजारी. बरोबर बडगे असतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. त्याला दरवर्षी नवा चेहरा मिळतो, कधी भ्रष्टाचाराचा, कधी हुंड्याचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. ज्याचा बडग्या निघाला नाही तो पुढारी नागपुरात अजून मोठा झाला नाही असं समजावं. सरतेशेवटी सगळ्यांना अग्नी.

फोन ठेवून वळलो तर मागे सूनबाई उभी. सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी. तिथे दुकानाच्या पाटीवरसुद्धा कारण लिहिलेलं असतं. तिने विचारलं, "बाबा, पण त्या बाईला जाळतात का?"

मी जन्मापासून महालात राहिलो. साठाहून अधिक मारबती पाहिल्या. वडिलांच्या खांद्यावरून पाहिल्या, मुलाला खांद्यावर घेऊन पाहिल्या. पण का जाळतात, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्यात माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेलेली. व्हाउचर नसलेली नोंद दिसली की अजूनही हात लाल पेन्सिलीकडे जातो. आणि इथे तर घरच्याच वहीत साठ वर्षांच्या नोंदी बिनव्हाउचरच्या! मी म्हटलं, "चौकशी करून सांगतो." सरकारी नोकरीत हे वाक्य वेळ मारून न्यायला वापरतात. मी मात्र खरोखरच चौकशीला लागलो.

पहिले भेटले शेजारचे नाना. नानांना कुठलीही गोष्ट विचारली की उत्तर तयार असतं. चूक की बरोबर, हा पुढचा प्रश्न.

"तुले एवढंही माहीत नाही? काळी म्हणजे बाकाबाई! भोसल्यांची राणी. इंग्रजाले सामील झाली होती ना! म्हणून जाळतात."

देवळातले गुरुजी म्हणाले, "ती पूतना. कृष्णाला विष पाजायला आली होती ती." नाक्यावरच्या पोराने सांगितलं की काळी म्हणजे इंग्रजांची गुलामगिरी. जुन्या कचेरीतले एक स्नेही बुधवारीत राहतात. पिवळ्या मारबतीचा मान तऱ्हाणे तेली समाजाचा. ती निघायच्या आधी दर्शनाला रांग लागते, बायका तिची पूजा करतात. त्यांना 'का जाळता?' असं विचारल्यावर ते थोडे दुखावलेच. "रागानं नाही जाळत साहेब. ती आपली माय आहे. आपली दुखणी पोटात घेऊन जाते. काळीचं काळीवाल्यांना विचारा."

म्हणजे एकाच दिवशी, एकाच गर्दीत, एकच आरोळी देणारी माणसं कुणी राक्षसिणीला जाळत होती, कुणी फितूर राणीला, कुणी साम्राज्याला आणि कुणी आईला. चार व्हाउचर, चारही वेगवेगळ्या सह्यांची. माझ्या नोकरीत असं प्रकरण आलं असतं तर मी बढती मिळेपर्यंत त्यावर बसलो असतो.

दरम्यान सूनबाईचे पुढचे प्रश्न चालूच होते. संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार आली तेव्हा तिने विचारलं, "हे काय?" मी सांगितलं, तान्हा पोळा. पोरांच्या हातावर बोजारा ठेवायचा. माझ्या लहानपणी बोजारा म्हणजे एक आणा मिळे आणि माझ्या बैलाचं एक शिंग मोडलेलं असल्यामुळे काही घरी अर्धाच मिळे. आता पोरं नोटेचा आकडा पाहून पुढची पायरी चढतात. बैलांच्या सजावटीच्या स्पर्धा लागतात, त्यात बैलापेक्षा पोराची आईच जास्त सजलेली असते. ही रीत दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी घालून दिली, असं सांगतात. हा राजा १८१६ साली वारला. भोसल्यांच्या वाड्यात भला मोठा लाकडी बैल आहे, त्याची पूजा होते. शेतकऱ्याच्या पोराला खरा बैल आणि राजाच्या पोराला लाकडाचा, हे मला पटतं. राजाच्या पोराच्या हाती खरं काही देऊ नये.

मग आला पितृपक्ष, आणि भोसल्यांच्या वाड्यात गणपती बसला. सूनबाई हादरली. तिच्या माहेरी गणपती म्हणजे लोकमान्य, मानाचे पाच आणि लक्ष्मी रोडवरची रात्रभराची मिरवणूक. अनंत चतुर्दशी झाली की खेळ खलास. पितृपक्षात तर नवी चप्पलसुद्धा कुणी घेत नाही. "पितरांच्या पंधरवड्यात गणपती?"

त्याला हडपक्या गणपती म्हणतात, मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की भोसल्यांपैकी एक सरदार बंगालची स्वारी जिंकून नागपूरला परतले, तोवर गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं. जिंकून आलेल्या माणसाला 'पुढच्या वर्षी लवकर या' असं कोण सांगणार? तेव्हा वद्य चतुर्थीला पुन्हा गणपती बसवला, नकला-लावण्या केल्या, थट्टामस्करी केली. हौस भागली. ती हौस आजतागायत चालू आहे. आम्ही कचेरीत दहा मिनिटं उशिरा गेलो तर हजेरीपटावर लाल रेघ ओढत. सरदार उशिरा आले तर खुद्द गणपती दुसऱ्यांदा आला! सूनबाईने ही गोष्ट फोनवर आईला सांगितली. पुढचं नीट ऐकू आलं नाही, पण "नागपूरकडे असंच" एवढे दोन शब्द माझ्या कानावर पडले.

मला बरं वाटलं. दोन नोंदींना तरी तोंडी का होईना, खुलासा मिळाला. राहिली बाकाबाई.

नानांचं म्हणणं मी आधी हसण्यावारी नेलं होतं, पण वाचनालयात जाऊन बसलो तेव्हा बाई काही सुटेना. बाकाबाई ही याच दुसऱ्या रघुजींची राणी. १८१७ साली अप्पासाहेब भोसल्यांनी सीताबर्डीवर इंग्रजांशी लढाई दिली आणि ती हरले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. रघुजींचा मुलीकडचा अल्पवयीन नातू गादीवर आला, तो तिसरा रघुजी. राज्याचा कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती आणि राजवाड्याचा बाकाबाईच्या. पुढे १८५३ च्या डिसेंबरात हा तिसरा रघुजी मूलबाळ नसताना वारला आणि डलहौसीने १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा केलं. आणि तीन वर्षांनी, १८५७ साली सगळीकडे वणवा पेटला तेव्हा या म्हाताऱ्या बाईने आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं आणि मराठी मुलूख शांत ठेवला. हे इंग्रजांच्याच गॅझेटियरमध्ये शाबासकीच्या सुरात छापलेलं आहे. म्हणजे नानांचा आरोप खोटा नव्हता. पुरावा आरोपीच्या पक्षानेच दिलेला होता.

इथेच मी वही मिटणार होतो. पण ऑडिटवाल्याला एक खोड असते, की जमेची बाजू तपासली की खर्चाची उलटून पाहायची. सत्तावन्नच्या बंडाचा इतिहास लिहिणारा जॉन विल्यम के हा इंग्रज. त्याने राज्य खालसा झाल्यानंतरच्या दिवसांची हकिगत दिली आहे. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले. ज्या घराने लाकडी बैलाचा पोळा सुरू केला असं आम्ही सांगतो, त्या घराचे खरे बैल सीताबर्डीवर मातीमोल गेले! मग वाड्यातल्या सामानाची पाळी आली. तेव्हा बाकाबाईने निरोप पाठवला, की सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन.

सामान गेलंच. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं.

मी पुस्तक उघडं ठेवून बराच वेळ बसून राहिलो. आग लावीन म्हणणारी बाई आणि दरवर्षी आगीत जाणारी बाई. राज्य गेलेलं, नातू गेलेला, बैलसुद्धा विकले गेलेले. तीन वर्षांनी बंडवाले उठले तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? उरलेली माणसं वाचवायची, की तोफेच्या तोंडी द्यायची? तिने माणसं वाचवायचं ठरवलं असेल, किंवा नुसती भ्यायली असेल. देशाच्या हिशेबात तिची बाजू नावेच राहणार, ते मला खोडता येत नाही. पण एवढ्या वर्षांत कुणी तिची बाजू लिहून घेतल्याचंही दिसत नाही. ऑडिटमध्ये साध्या चपराशावर वसुली काढायची तरी आधी त्याचं म्हणणं मागवतात.

मग तारखा मांडल्या. बाकाबाई वारली १८५८ साली. काळी मारबत निघू लागली १८८१ साली आणि पिवळी १८८५ साली, असं तिथली मंडळी अभिमानाने सांगतात. मधे तेवीस वर्षं. राग इतकी वर्षं राखून ठेवायचा आणि मग मुहूर्त पाहून काढायचा, हे नागपूरकराला जमणारं काम नव्हे. आमचा राग चहाबरोबर उतरतो. तेव्हा ही रीत बाकाबाईपासून निघाली, यावर माझा आक्षेप. मी तसं कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली आणि घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात सौभाग्यवतींना वाचून दाखवलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यासाठी आठ दिवस लायब्ररीत जाऊन राहिले होते? मला विचारायचं. आमच्याकडे बालाघाटला नारबोद म्हणतात तिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर नेऊन टाकतात. आमच्या गावच्या लोकांना तुमची बाकाबाई काळी की गोरी ते ठाऊक नाही."

बालाघाट आज मध्यप्रदेशात. माझं सासर. पस्तीस वर्षं ज्या घरी आंबे खायला जात होतो तिथेच व्हाउचर पडलेलं होतं!

मग मला एकेक आठवू लागलं. विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या उभ्या करतात. त्यांना मेढे म्हणतात. पाडव्याला झुंजूमुंजू व्हायच्या आत ते उचलायचे, "घेऊन जा गे मारबत" म्हणत शिवेबाहेर नेऊन टाकायचे, नाही तर जाळायचे. त्यात राणी नाही, राक्षसीण नाही. भाद्रपदाचं तोंड, पाऊस महिना-दोन महिने मुरलेला, डबकी साचलेली, माशा-डास मातलेले, घरोघरी एखादं लेकरू तापाने फणफणलेलं. डॉक्टर दहा कोसांवर. अशा वेळी दुखण्याला हातात धरण्यासारखं काही रूप द्यायचं आणि गावाबाहेर नेऊन सोडायचं. शहराने फांदीची बाई केली, बाईला रंग दिला, रंगाला गोष्ट चिकटली. आणि शहराला ज्या वर्षी ज्याचा राग आला त्याचं नाव त्या बाईला, नाही तर तिच्या बडग्याला मिळालं. बाकाबाई या गर्दीत मागाहून सापडली, असं आपलं माझं मत. नानांना ते मान्य नाही. ते म्हणतात, "तू भोसल्यांकडून पैसे खाल्ले."

एवढं झाल्यावर मला माझी आजी आठवली. खरं तर सगळ्यांत आधी आठवायला हवी होती.

आमच्या महालातल्या वाड्यात आजीसुद्धा पळसाची फांदी दाराशी उभी करत असे. पाडव्याच्या पहाटे ती आम्हा नातवंडांना उठवी, फांदी घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवी आणि आमच्या हाती देऊन गल्लीच्या टोकाला पिटाळी. स्वतः दारात उभी राहून ओरडे. एरवी बोलायलाही लाजणारी बाई, त्या दिवशी चार वाड्यांना ऐकू जाईल असं ओरडायची. "ईडा, पिडा, खोकला, मानमोडी घेऊन जा गे मारबत!"

बाकी सगळ्यांच्या आरोळीत खोकल्यानंतर रोगराई यायची. आमच्या घरी मानमोडी. मला वाटे, मानमोडी हे मागच्या वाड्यातल्या घरमालकिणीचं टोपणनाव असावं. तिची मान जरा वाकडी होती आणि तिला मारबतीने न्यावं असं माझंही मत होतं. एकदा मी तिच्याच दारासमोर ती आरोळी दिली आणि त्यापायी वडिलांच्या हातचा भरपूर बोजारा खाल्ला.

मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. पहिलं महायुद्ध संपता संपता आला, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात माणसं पटापट गेली. आजी तेव्हा दहा वर्षांची. आठवड्याच्या आत तिची आई गेली आणि पाळण्यातला भाऊ गेला. हे मला वडिलांकडून कळलं, तेही आजी गेल्यानंतर. आजीने आम्हाला कधी सांगितलं नाही. वर्षातून एकदा दारात उभी राहून फक्त नाव घेत होती. मी व्हाउचर शोधत सगळ्या नागपुरात फिरलो, आणि आमच्या घराचं व्हाउचर त्या एका शब्दात होतं.

ही सगळी कथा मी सूनबाईला सांगितली. तिने ऐकून घेतली, दोन-चार तारखा पुन्हा विचारून घेतल्या. पुण्याची आहे. पुढे दोन-तीन वर्षं ती आम्हा सगळ्यांबरोबर मारबत पाहायला आली, गर्दीत चपला हरवून घरी आली, आणि एका वर्षी तर कुठल्या खात्याचा बडग्या काढायला हवा यावर नानांशी भांडली. नागपूरकर व्हायला एवढं पुरतं.

मग आलं २०२०.

त्या वर्षी मारबतीची मिरवणूक निघाली नाही. करोना. ज्या बाईचं काम रोगराई घेऊन जायचं, तिलाच रोगराईमुळे घराबाहेर पडायची बंदी! एरवी या वाक्यावर मी एक अख्खा लेख लिहिला असता. पण त्या ऑगस्टात व्याही पुण्याला दवाखान्यात होते. ऑक्सिजन लावलेला. विहीणबाई घरात कोंडलेल्या. सूनबाईला जाता येईना, आणि गेली असती तरी कुणी आत सोडलं नसतं. रोज संध्याकाळी दवाखान्यातून एक फोन येई, त्यात एक आकडा सांगत. तो आकडा कालच्यापेक्षा वर की खाली, एवढ्यावर आमच्या घरी चूल पेटायची की नाही ते ठरे.

पाडव्याच्या पहाटे मला जाग आली ती दाराच्या कडीने. बाहेर येऊन पाहतो तर सूनबाई उंबऱ्यात. हातात पळस नव्हता. तो महालात आणणार कुठून? कुंडीतली तुळस तोडायला तिचा हात झाला नसावा, म्हणून तिने कढीलिंबाची फांदी घेतली होती. मला पाहून जरा ओशाळली.

"बाबा, आजींची ती आरोळी पुन्हा सांगता? मानमोडीच्या आधी काय होतं?"

मी सांगितली. तिने एक शब्द बदलला आणि ओरडली. गल्ली रिकामी, सगळी दारं बंद, त्यामुळे आवाज फार लांबवर गेला. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि नानांनी आतूनच, मास्क लावून, तिच्या आवाजात आवाज मिसळला. मग आणखी एक खिडकी. मी फांदी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. वयाच्या पासष्टीनंतर पायजम्यात पळायला फारसं शोभत नाही, पण पाहायला कोण होतं?

व्याही तीन आठवड्यांनी घरी आले. डॉक्टरांनी, औषधांनी आणि त्यांच्या शिस्तीने आणले, हे मी ऑडिटवाला म्हणून लिहून द्यायला तयार आहे. फोनवर यायला त्यांना आणखी आठवडा लागला. फोन आला तो कचेरीच्या वेळातच. आवाज अगदी खोल गेलेला.

"काय हो," मधे थांबून त्यांनी श्वास घेतला, "यंदा गेल्या का तुमच्या बाई?"

"नाही. यंदा त्यांना परवानगी नव्हती."

"मग त्या दिवशी पहाटे आमची मुलगी... दारात उभी राहून कुणाला हाका मारत होती म्हणे? तिची आई सांगत होती."

"सांगतो," मी म्हटलं, "सगळं सांगतो. बाकाबाईपासून. पण तुम्ही आधी बोलणं थांबवा. धाप लागतेय तुम्हाला."